अनोळखी खाडीत होडी घालण्याआधी

नव्या खाडीत मासे धरायला जाणार असाल तर पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवा. होडी घ्या, सोबत एक माणूस घ्या आणि ओहोटी पूर्ण व्हायला तासभर असताना पाण्यात उतरा. त्या दिवशी फक्त खाडी बघायची. भरतीला सगळ्या खाड्या सारख्याच दिसतात, काठापासून काठापर्यंत पाणी. ओहोटीला तीच खाडी उघडी पडते. वाळूचे दांडे वर येतात, खडप म्हणजे पाण्यातला खडक दिसतो, जुन्या खुंटांची डोकी दिसतात, आणि खरी वाट कुठून जाते ते कळतं. वेळ ओहोटीच्या शेवटचीच घ्या, कारण तेव्हा होडी कुठे टेकलीच तर अर्ध्या-पाऊण तासात पाणी परत चढायला लागतं आणि तुम्हाला उचलून देतं. ओहोटीच्या सुरुवातीला टेकलात तर दहा-अकरा तास तिथेच बसायची पाळी येते, कारण पाणी आधी पूर्ण उतरतं आणि मग परत तेवढं चढावं लागतं.

माझं काम आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं दुरुस्त करायचं. रत्नागिरीत बावीस वर्षं तेच करतोय. इंजिनाचा पंखा हातात घेतला की होडी कुठे लागली ते मालकाने सांगायच्या आधी समजतं. खडपावर लागली असेल तर पात्याचा तुकडा उडालेला असतो आणि कड दातेरी होते. वाळूत घासली असेल तर तिन्ही पाती वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी झिजून गुळगुळीत होतात. जाळ्यात अडकली असेल तर पंखा वरून धडधाकट दिसतो. पण तो काढला की मागे शाफ्टवर नायलॉनचा धागा घट्ट आवळून बसलेला असतो. त्याने सील कापलेलं असतं, गियरबॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं आणि खालचा स्क्रू सैल केला की तेल दुधासारखं पांढरं बाहेर येतं. पावसाळा संपला की अशी इंजिनं रांगेने येतात. बहुतेक बाहेरगावच्या हौशी लोकांची. खाडी त्यांनी मोबाइलच्या नकाशावर पाहिलेली असते. त्या नकाशात पाणी निळं दिसतं, खोली दिसत नाही.

आणि पाहिलेली खोलीही टिकत नाही. आपल्या कोकणातल्या खाड्या दर पावसाळ्यात बदलतात. पूर गाळ आणतो, समुद्राच्या लाटा तोंडाशी वाळू लोटतात, जिथे हातपाटीने वाळू काढतात तिथे गुडघाभर पाण्याशेजारी अचानक दोन पुरुष खोल खड्डा असतो. म्हणून मागच्या वर्षी मित्राने दाखवलेली वाटही यंदा पुन्हा ओहोटीला बघूनच घ्यावी.

त्या पहिल्या फेरीत एक बांबू जवळ असू द्या, बारा फुटांचा, दर फुटाला रंगाचा पट्टा मारलेला. इंजिन अगदी सावकाश ठेवून, जोडीदाराला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बसवून बांबू टाकत जायचं. त्याने नुसतं मोठ्याने आकडे सांगायचे. सहा, सहा, पाच, चार, साडेतीन. तीन ऐकलं की इंजिन न्यूट्रल करायचं. बांबूने तळही कळतो. चिखलात तो रुततो आणि ओढावा लागतो, वाळूत कुरकुरतो, दगडावर टणकतो. नांगर कुठे धरेल आणि कुठे सटकेल ते यावरूनच ठरतं. फिश फाइंडर असेल तर चांगलंच. पण तो होडीखालची खोली सांगतो, समोरची नाही.

डोळ्यांनीही बरंच कळतं. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल असतं, आतल्या बाजूला वाळू साचते. वारा नसताना एकाच पट्ट्यात पाणी बारीक खळाळत असेल तर तिथे ते उथळ आहे. खाडीच्या मधोमध बगळे उभे दिसले तर तिकडे जाऊ नका. बगळ्याचे पाय केवढे असतात ते आपल्याला माहीत आहे.

भरतीचा हिशेब

भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्तेही छापतं. ते बघाच. पण त्यासोबत आपला जुना हिशेब डोक्यात ठेवा, कारण खाडीत रेंज जाते. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसात दोनदा. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तर ही पाऊणपट जुळते.

हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. रत्नागिरीच्या बाजूला भरती मुंबईच्या आधी लागते. आणि खाडीत जसजसं आत जावं तसतशी ती उशिरा पोचते. तोंडाशी पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा आठ-दहा किलोमीटर आत ते अजून चढत असतं. वाशिष्ठीत तर आणखी एक गोष्ट आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी पोफळीहून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे चिपळूणकडे नुसत्या तिथीवर विसंबून चालत नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी निघून जातं. ओढ सगळ्यात जास्त तेव्हाच. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे, तर छोट्या इंजिनाची होडी त्या ओढीविरुद्ध जागची हलत नाही. नवीन माणसाने अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. उधाणाला मासा चांगला लागतो हे खरं, तरीही पहिल्या दोन-तीन खेपा भांगालाच करा.

आता वाऱ्याचं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. अकरा-बाराच्या पुढे समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि खाडीच्या तोंडातून आत घुसतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर दोघे समोरासमोर भिडतात आणि लाटा आखूड, उभ्या, एकामागोमाग एक येतात. उंची दोन-तीन फूटच असते, पण एका लाटेवरून नाळ खाली येते तोवर दुसरी अंगावर असते. पौर्णिमेला अकराच्या सुमारास भरती, म्हणजे ही टक्कर बरोबर दुपारी दोन-अडीचला. घराकडे वळायचं ते त्याच्या आधी.

काठावरच्या माणसाला विचारा

दाभोळच्या बाजूला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धक्क्यावर एक म्हातारे चाचा बोक्शीचं, म्हणजे पिशवीसारखं जाळं शिवत बसले होते. मी सरळ विचारलं, "चाचा, इथून वर जायला पाणी कसं आहे?" त्यांनी मान वर केली, माझ्या होडीकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं आणि विचारलं, "किती बसतं पाण्यात?" मी म्हटलं, अडीच फूट. मग सुई बाजूला ठेवून त्यांनी बोटाने दाखवलं. "त्या तिवराच्या टोकाला धरून जा. मधनं जाऊ नको, मधे वाळू चढलीय. आणि ते पांढरे डबे दिसतात ना, त्यांच्या वरच्या अंगाने जा, खालच्या अंगाला जाळं पसरलेलं असतं." हे कुठल्याच नकाशात नव्हतं.

विचारताना तीन गोष्टी नक्की विचारा. वाट कुठल्या काठाने आहे, जाळी कुठे लावलेली आहेत, आणि वारा सुटला तर होडी कुठे घालायची. तिसरा प्रश्न लोक विसरतात. प्रत्येक खाडीत एखादा कोपरा, एखाद्या जुव्याची, म्हणजे खाडीतल्या बेटाची आड, एखादा जुना धक्का असतो, जिथे गावची माणसं वाऱ्यात थांबतात. तो आधीच माहीत असला पाहिजे. धक्क्यावर सांगूनही ठेवा की आम्ही दोघं आहोत, अमक्या रंगाची होडी आहे, दोनपर्यंत येतो.

जाळ्यांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. खाडीत उभे केलेले खुंट, तरंगणारे डबे, थर्मोकोलचे तुकडे हे कुणाच्या तरी घरचं अन्न आहे. त्या खुंटांना होडी बांधू नका. पंख्यात जाळं आलंच तर आधी इंजिन बंद करा, पंखा वर घ्या, आणि कापावंच लागलं तर कापून मालकाला शोधून सांगा आणि पैसे द्या. ज्या गावात असं वागाल त्या गावची माणसं तुमच्यासाठी रात्री होडी काढतील.

वाशिष्ठीत मगरी आहेत. काठाच्या चिखलावर उन्हात पडलेल्या दिसतात. तिथे पाण्यात पाय सोडून बसणं, कमरेभर पाण्यात उतरून होडी ढकलणं, मासे काठावर धुणं, हे काहीच करायचं नाही.

नांगर नेहमी नाळेवरूनच

आता जी चूक मी स्वतः केली ती. आठ वर्षं झाली. त्याच दाभोळच्या खाडीत, कार्तिकातली पौर्णिमा, मी आणि माझा मावसभाऊ. सोळा फुटी फायबरची होडी, नऊ पॉइंट नऊ हॉर्सपॉवरचं इंजिन. खजुरी लागत होती, म्हणजे रायगडवाले ज्याला जिताडा म्हणतात तो मासा. दुपारचा दीड वाजला होता, ओहोटीची ओढ वाढली होती आणि होडी जागेवर राहत नव्हती. आम्ही दोघे मागच्या बाजूला उभे होतो, नांगरही हाताशी तिथेच होता. मी तो टाकला आणि दोर मागच्याच कडीला बांधला. दोन मिनिटांचं काम म्हणून.

होडीची नाळ पाणी कापायला केलेली असते. मागची बाजू चौकोनी, सपाट, आणि इंजिन लावायला मधे खाली कापलेली असते. मागून बांधलं की सगळी ओढ त्या सपाट फळीवर येते. त्यात इंजिनाचं वजन मागे, आम्ही दोघे मागे, आणि नेमकी त्याच वेळी गळाची काठी वाकली म्हणून दोघेही अजून मागे झुकलो. तेवढ्यात बाहेर जाणाऱ्या एका मोठ्या बोटीची लाट आली. मोठी नव्हती. पण इंजिनाच्या कापातून पाणी आत आलं, त्या वजनाने मागची बाजू आणखी बसली, आणि मग लाट नसतानाही खाडी सरळ आत वाहायला लागली. मी दोर सोडायला गेलो तर गाठ दगडासारखी झाली होती. ताणलेल्या दोराची गाठ बोटांनी सुटत नाही. सुरी पेटीत, पेटी पुढे, पुढचं सगळं सामान वाहून एकात एक अडकलेलं. मावसभावाने पोटरीभर पाण्यात हात घालून चाचपत आमिष कापायची सुरी काढली आणि दोर कापला. होडी झटक्याने सुटली आणि फिरली. मग बादलीने पाणी उपसत आम्ही ओढीबरोबर खाली गेलो, आणि चाचांनी दाखवलेल्या त्या तिवराच्या टोकाला लागलो.

तेव्हापासून माझ्या होडीत मागे कडीच नाही. नांगर नाळेवरून सोडायचा, हळूहळू, होडी ओढीबरोबर मागे जाऊ द्यायची आणि मग बांधायचं, अशा गाठीने जी एका झटक्यात सुटेल. सुरी जॅकेटला दोरीने बांधलेली. दोर खोलीच्या पाचपट तरी हवा, ओढ जास्त असेल तर सातपट. खोली मोजताना भरतीला चढणारं पाणी धरायचं. आत्ता दोन मीटर असेल आणि रत्नागिरीच्या बाजूला उधाणाला अजून दोन-अडीच मीटर चढत असेल, तर हिशेब साडेचार मीटरचा, म्हणजे तेवीस ते बत्तीस मीटर दोर. मुंबईच्या खाड्यांत पाणी याहून बरंच जास्त चढतं, तिथे दोरही तसा लागतो. नांगराला पहिले दोन मीटर साखळी लावा, म्हणजे तो आडवा पडून तळ धरतो.

मासा लागला की एकानेच उठायचं. दुसऱ्याने समोरच्या बाजूला बसून राहायचं. जाळीची पिशवी बसूनच लावायची. होडी उलटण्याइतका मोठा मासा खाडीत लागत नाही. ती उलटते ती दोघांनी एकाच कडेला धावल्यामुळे.

सोबत काय हवं

लाइफ जॅकेट अंगात हवं, बांधलेलं. बाकावर उशी म्हणून ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर दहा हात लांब तरंगत असतं. त्याला शिट्टी बांधा. ओढली की इंजिन बंद करणारी किल स्विचची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला लावा. माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांत निम्म्यांची ती दोरी हँडललाच गुंडाळलेली असते, हे बघून मला दर वेळी काळजी वाटते. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिलं तर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

पेट्रोलचे तीन वाटे करा. एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. दोन वल्ही, पाणी उपसायला बादली, हेडलॅम्प, प्यायचं पाणी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला मोबाइल. ज्या इंजिनात पंख्याला शिअर पिन असते तिथे दोन जादा पिना आणि एक पक्कड. ती पिन मुद्दाम मऊ केलेली असते. पंखा कुठे आपटला तर ती तुटते आणि गियर वाचतात. तिच्या जागी खिळा घातलेला मी पुष्कळदा बघतो. तसं करू नका. पुढच्या धक्क्याला पिनेऐवजी गियर तुटतो आणि तो खाडीत बदलता येत नाही.

शेंगाळा माशाचा काटा किंवा पाकट माशाची नांगी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जा. थर्मासमध्ये गरम पाणी मी एवढ्यासाठीच नेतो.

खाडीच्या तोंडाबाहेर पहिल्या हंगामात जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तोंडाशी वाळू असते, तिच्यावर लाट फुटते, आणि मागून, म्हणजे समुद्राकडून बघताना ती फुटलेली दिसतसुद्धा नाही, नुसती गुळगुळीत पाठ दिसते. देवबागला कर्ली समुद्राला मिळते तिथे काठावर तासभर उभं राहून बघा, वाळू कुठे आहे आणि लाट कुठे मोडते ते नीट समजेल. बाहेर जायचंच तर तिथल्या तांडेलाबरोबर, म्हणजे होडी चालवणाऱ्या जाणत्या माणसाबरोबर, भरती पूर्ण व्हायच्या सुमारास. ओहोटीत नाही. बंदरावर वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा असेल तर खाडीतही उतरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंदच असते, आणि त्या दिवसांत खाडीही ओंडके घेऊन वाहत असते. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारी आभाळ काळं झालं की काठी आडवी ठेवा आणि काठाला लागा. कार्बनची काठी वीज ओढते.

धरणाच्या पाण्यात भरती-ओहोटी नसते म्हणून लोक तिथे निर्धास्त असतात. उजनीत मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. मोठ्या जलाशयात वारा अडवायला काही नसतं, आणि बुडालेली झाडं, जुन्या विहिरी, घरांच्या भिंती पाण्याखाली तशाच असतात. तिथेही पहिली फेरी पाणी सगळ्यात कमी असताना, मे महिन्यात, काठाकाठाने करा.

टेकलात किंवा उलटलात तर

होडी वाळूवर टेकली तर गियर पुढे टाकून जोर करू नका, इंजिन वाळू ओढून घेतं आणि थंड पाण्याची वाट बंद होते. बंद करा, पंखा वर घ्या, वजन टेकलेल्या बाजूकडून दुसरीकडे न्या आणि बांबूने आल्या वाटेने मागे ढकला. पाणी उतरतं असेल तर हातात पाच मिनिटं आहेत. नाही निघाली तर नांगर खोल पाण्याच्या दिशेने लांब टाकून ठेवा, काठावर फोन करा आणि होडीतच बसा. चिखल दिसतो तसा नसतो, मांडीपर्यंत रुतलेला पाय सोबत्यालाही काढता येत नाही.

उलटली तर होडी सोडू नका. काठ जवळ वाटतो, पण ओढीत पोहणारा माणूस त्या काठाला लागत नाही, खाली वाहत जातो. उलटी फायबरची होडीही सहसा तरंगते आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा ती आधी दिसते. तिला धरून राहा, शिट्टी वाजवत राहा.

निघायच्या आधी घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुठली खाडी, कुठून उतरलो, होडीचा रंग, कोण कोण, किती वाजता फोन येईल. खाली दोन आकडे लिहा, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सगळ्यासाठीचा ११२. माझ्या घरी हा कागद फ्रिजवर असतो. आमचं ठरलेलं आहे. सांगितलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात माझा फोन आला नाही तर बायको आधी ज्या गावात उतरलो तिथल्या माणसाला फोन लावते, आणि तिथूनही कळलं नाही तर थेट १५५४ ला. वाट बघत बसायचं नाही. रेंज नसेल, मासे लागत असतील, असं म्हणायचं नाही. गेल्या शिमग्यात जयगडच्या खाडीतून मी पाऊण तास उशिरा लागलो, तेव्हा धक्क्यावर दोन माणसं होडी पाण्यात ढकलायच्या तयारीत उभी होती. मी आधी त्यांच्याशी बोललो, मग घरी फोन केला, आणि नंतर होडी बांधली.